यंत्राच्या तोंडातला घास

बायडीवर तुम्ही घातपाताचा शिक्का मारलात, साहेब, आणि तोही तिच्याकडे मान वर करून न बघता. ती तुमच्या काचेच्या खोलीच्या दारात उभी होती. भुवयांवर दगडाचं पीठ, हातात चपला.

“कोणाच्या सांगण्यावरून केलंस?” तुम्ही विचारलंत.

“माज्या आयशीच्या,” ती म्हणाली.

तुम्हाला वाटलं, थट्टा करतेय.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या अंगाला असलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दगड दळले जात. मुलुखभरातून पोती येत. बायडी दगड लोखंडी जबड्यात घाली, पीठ चाळी, पाण्यात हेलकावून हलकं वाहू देई. तळाशी चिमूटभर जड रेती उरे. तिच्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून कीर्ती मॅडम दगडाचं वय काढत.

“म्याडम, दगडाला वय कसला? त्याचा काय जन्माचा दाखला हाय?”

“दाखला कणाच्या पोटातच असतो गं. आत युरेनियम असतं, त्याचं हळूहळू शिसं होतं. किती झालं ते मोजायचं.” झारखंडहून आलेला दगड साडेतीनशे कोटी वर्षांचा निघाला होता.

“तवा जमीन कशी होती?”

मॅडमनी बायडीच्या डब्यातल्या नागलीच्या पेजेकडे बोट दाखवलं. “अशी. खदखदणारी. वर साय धरायची, बुडायची, वितळायची. त्यातलं हलकं वर येऊन थिजलं, ती पहिली जमीन.”

त्या दिवसापासून शिफ्टच्या बसमध्ये डोळा लागला की बायडीला ती पेज दिसे. ना दिवस, ना रात्र, नुसतं लाल रटरटणं. त्यावर साय धरायची, आणि सायीवरून तिची आई चालत यायची, हातात सूप घेऊन, पाय न भाजता.

आईच सांगायची, दळण झालं तरी जात्याचं तोंड रिकामं ठेवू नये, मूठभर दाणे असू द्यावेत. नाहीतर घरात उपास शिरतो. झारखंडचा दगड संपला तेव्हा बायडीने जबडा घासला, धुतला, पुसला. मग त्याच दगडाची एक चिमूट पुन्हा आत टाकली. मशीन म्हणजे तरी काय, जातंच की. ‘दर दगडानंतर यंत्र पूर्ण रिकामं करा’ अशी पाटी भिंतीवर होती, पण इंग्रजीत.

पुढचा दगड जव्हारकडचा होता, बायडीच्या पाड्याजवळचा, काळाभोर. तो फार तर साडेसहा कोटींचा निघायचा. त्यात सापडला साडेतीनशे कोटींचा कण! म्हणजे लाव्ह्याने वर येताना खालच्या आद्य जमिनीचा कण सोबत आणला, असं सगळ्यांनी धरलं. शेडमध्ये पेढे वाटले गेले.

“ले बायडी,” सुपरवायझर धर्मेशने तिच्या हातावर पेढा ठेवला, “तेरे गाँव के नीचे दुनिया की पहली जमीन निकली. अब तू जमीनदार!”

सगळे हसले. बायडी पेढ्याकडे बघत राहिली. आपल्या पाड्याखाली ती पेजेवरची साय! क्षणभर पाय हलके झाले तिचे. मग विचारलं, “म्याडम, झारखंडवाल्याचं वय पण तेवढाच ना?”

“हो. का गं?”

“मंग तो कण त्याचा हाय. मी घास ठेवलेला मशीनच्या तोंडात.”

“चुप बैठ, पगली!” धर्मेश कुजबुजला. “नौकरी जाएगी.”

“जाऊ दे. पन जे जमिनीखाली नाय, त्याला हाय कसा म्हनू?”

कीर्ती मॅडमनी चष्मा काढून डोळे मिटले. पेढ्यांचा खोका कुणीतरी झाकला. अन् तासाभरात तुम्ही बायडीला वर बोलावलंत.

आता ती पाड्यावर असते. आईचं जातं त्याच काळ्या दगडाचं आहे. नागली दळून झाली की ती मूठभर दाणे त्याच्या तोंडात ठेवते आणि दगडावर हात ठेवून बसते. दगड ऊन लागतो. खाली, फार खाली, काहीतरी रटरटतंय असं तिला वाटतं.

साहेब, ती गप्प बसली असती तर आज तुमच्या गळ्यात हार असते आणि ती कामावर असती. मग तिला काढलंत ते चुकीसाठी, की चूक सांगितली म्हणून? उत्तर द्या.