मावशी ती मावशीच

ताई ड्रायक्लीनरच्या दुकानात इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहायचं काम. सातव्या महिन्यात तिचे पाय इतके सुजले की नवऱ्याच्या चपला घालून ती कामाला जाऊ लागली. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. सगळ्यांनी एकच सांगितलं, पोटुशी बाईला एवढं चालायचंच. दवाखान्यातल्यांनी तर रक्तदाबही न मोजता गोळी देऊन परत पाठवलं. मग एका दुपारी इस्त्रीच्या टेबलाशीच तिला झटके आले. डॉक्टरांनी ऑपरेशन करून बाळ वाचवलं. ताई शुद्धीवर आलीच नाही.

तिची धाकटी बहीण, म्हणजे मुलांची मावशी, शहरातली बस चालवायची. हॉर्न कमी आणि तोंड जास्त वाजवते, असं डेपोत म्हणायचे.

बाळ घरी आलं त्या रविवारी सगळे भावोजींच्या सलूनच्या वरच्या खोलीत जमले. पलंगावर ताईची सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. भावोजी खिडकीशी पाठमोरे उभे. मावशीची आई कोपऱ्यात नाक पुसत होती. ताईची थोरली मुलगी चिमणी, वय वर्षं बारा, ओट्यापाशी दुधाची बाटली उकळत होती.

"पोराला आई हवी," सासू म्हणाली. "आणि सख्ख्या मावशीसारखी आई कुठे मिळायची? तू याच्याशी लग्न कर. प्रश्न मिटला."

"कुणाचा?" मावशीने विचारलं.

"अगं, तुझ्या ताईच्या जिवाला शांतता मिळेल," आई म्हणाली.

"ताईच्या जिवाची काळजी तिचं डोकं ठणकत होतं तेव्हा करायची होती, आई." मावशी खिडकीकडे वळली. "भावोजी, तुम्हाला करायचंय माझ्याशी लग्न?"

भावोजी दचकले. "छे गं. तू मला बहिणीसारखी. पण मला बाळाचं काही येत नाही."

"येत नाही, की कधी केलं नाही?"

भावोजींनी तोंड उघडायच्या आत सासूच बोलली. "मग चिमणीची शाळा बंद. घरात कुणीतरी हवंच ना?"

चिमणीने गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिली.

"का? तिने काय गुन्हा केलाय?" मावशीने विचारलं.

"मी तरी काय केला होता?" सासूचा आवाज चढला. "माझी आई अशीच बाळंतपणात गेली. मी नऊ वर्षांची. भाऊ माझ्या कडेवर दिला आणि माझं दप्तर शेजारच्या पोरीला. मला विचारलं होतं कुणी?"

भावोजी वळून आपल्या आईकडे बघत राहिले. हे त्यांनी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

मावशी पलंगाच्या कडेला बसली. "नाही विचारलं, काकू. विचारायला हवं होतं. पण मग तेच हिच्याही पदरात घालायचं?"

"मोठी आलीस शिकवणारी!" सासू फणकारली, आणि त्याच तिरीमिरीत चिमणीवर ओरडली, "बोल गं, तुला काय हवंय?"

"मला भाऊ हवाय," चिमणी म्हणाली. "शाळा पण हवीय. आणि आई कशाने गेली ते मला कुणी सांगतच नाही. सगळे म्हणतात, देवाने नेली."

"देवावर कशाला ढकलायचं?" मावशी म्हणाली. "तिचा रक्तदाब वाढला होता. त्यावर औषध होतं. ती सांगत होती, आणि कुणी ऐकलं नाही. ना आपण, ना दवाखान्याने."

"लहान पोरीला काय सांगतेस हे!" सासू कडाडली.

"लहान आहे ना? मग संसार कसा तिच्या गळ्यात बांधताय?"

मावशीने बाळ उचललं आणि भावोजींच्या हातात दिलं. "अगं, पडेल माझ्या हातून," ते म्हणाले. "लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवता तेव्हा हात कापत नाही," ती म्हणाली. "आणि मी बाळाची मावशी आहे, मावशीच राहणार. दुपारी येईन, संध्याकाळी माझ्या घरी जाईन."

सोमवारी चिमणी शाळेत गेली. सलूनमध्ये दोन खुर्च्यांच्या मधे बाळाची टोपली आली. गिऱ्हाइकं हसायची. "काय हो, आता दाढीबरोबर दुपटीही बदलून देता का?" भावोजी म्हणायचे, "बसा. याचा नंबर आधी आहे." दोघंतिघं कायमचे दुसरीकडे गेले. बाकीचे टिकले. एक म्हातारा तर टोपली हलवायलाच येऊ लागला.

सासूने महिनाभर मावशीशी अबोला धरला. पण बाळ रडलं की जिना उतरायची.

त्या वर्षाच्या शेवटी बेकरीवाल्याची सून, दिवस भरत आलेली, मुलाचे केस कापायला सलूनमध्ये आली आणि डोकं धरून बाकावर बसली. समोरचं सगळं अंधुक दिसतंय, म्हणाली. सासूने बाळ भावोजींकडे दिलं, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "ऊठ. चल."

दवाखान्याच्या दारात नर्स म्हणाली, वेळ संपली, उद्या या. सासूने उंबऱ्यातच बसकण मारली.

"हिचा रक्तदाब मोजल्याशिवाय मी हलत नाही. पोलिसांना बोलवा नाहीतर मोठ्या डॉक्टरला. माझ्या सुनेला तुम्ही गोळी देऊन घरी पाठवलं होतं. आठवतं का?"

नर्सला आठवत नव्हतं. पण बाहेर निघालेल्या बायका थांबल्या, आणि एक एक करत सासूच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. शेवटी यंत्र आलं. आकडा बघून नर्स धावतच आत गेली. बेकरीवाल्याच्या सुनेला त्याच घटकेला भरती केलं. तिचं बाळ अंगाने बारीक जन्मलं, पण मायलेकरं सुखरूप घरी आली.

मावशीला हे डेपोत कळलं. ड्युटी संपवून ती सरळ सलूनमध्ये आली. सासू पायरीवर बाळाला घेऊन बसली होती.

"काकू, पोलिसांना बोलवा म्हणालात?"

"मग काय घाबरते की काय मी?" सासू म्हणाली. "ते राहू दे. तुझ्या भावोजीने पोराला टोपी उलटी घातलीय आणि तुला दिसत नाही. बस कशी चालवतेस कोण जाणे!"

मावशीने टोपी सरळ केली. सासूने ती लगेच पुन्हा नीट केली.