बाबा झिंगले ती दुपार

सत्त्याऐंशीचा मे महिना. ठाण्याच्या खाडीकाठी आमचं मिठागर, आणि शेवटच्या वाफ्यातलं मीठ अजून ओढायचं राहिलेलं. पश्चिमेला ढग जमत होते. मी दर पाच मिनिटांनी तिकडे बघत होतो. एक सर आली की महिन्याभराची मेहनत पाण्यात. माझं डोकं एरवीही लवकर तापतं, त्या दिवशी तर विचारूच नका.

बाबा, म्हणजे दामाजी, पलीकडच्या टोकाला लाकडी फळीने मीठ ओढत होते. चैत्रात एकवीरेच्या यात्रेत त्यांनी देवीपुढे दारू सोडली होती. तीस वर्षांची सवय ती. गावात कुणाचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

बाराच्या सुमारास त्यांच्या हातून फळी पडली. बांधावर तिरपे तिरपे चालत ते गुडघ्यावर आले. मी धावलो. डोळे लाल, जीभ जड. मला त्यांनी मोरू म्हणून हाक मारली. मोरू माझा काका, नऊ वर्षांपूर्वी वारलेला.

"प्यालास ना रं?" मी ओरडलो. "देवीची तरी लाज धरायचीस!"

ते काहीतरी बरळले.

"पड इथंच. उतरली की ऊठ."

त्यांना तसंच भर उन्हात टाकून मी फळी उचलली. दोघांचं काम मी एकटा, दातओठ खात ओढत होतो. तासाभरात एकदा वळून पाहिलं, तर ते आडवे झालेले. मनात आलं, पडू दे मेल्याला. बापाबद्दल हे माझ्या मनात आलं.

मग आई आणि माझी बायको सरोज जेवण घेऊन आल्या. सरोज ठाण्यात एका दवाखान्यात आया होती, रविवार म्हणून घरी होती. तिने बाबांच्या कपाळाला हात लावला आणि किंचाळली.

"अहो, अंग भट्टीसारखं तापलंय! आणि घामाचा एक थेंब नाय. ऊन लागलंय यांना!"

बाबा थरथरत होते, म्हणून आई गोणपाट पांघरायला धावली. सरोजने ते हिसकावून फेकलं.

"आई, पांघरलंत तर मरतील! सावलीत घ्या आधी."

आम्ही त्यांना झोपडीत नेलं, सदरा काढला. पिण्याच्या पाण्याची दोन मडकी गावातून डोक्यावर आणलेली होती. सरोजने एक त्यांच्या अंगावर रितं केलं, दुसऱ्यात फडकी भिजवून मानेवर, काखेत, जांघेत ठेवली. मला सूप दिलं, वारा घालायला. आई त्यांच्या तोंडात पाणी घालायला गेली तर सरोजने तिचा हात धरला.

"शुद्धीत नाय ते. ठसका लागंल."

मी वारा घालत राहिलो, खांदे भरून आले तरी. ढगांकडे एकदाही पाहिलं नाही.

मिठाच्या टेम्पोतून त्यांना इस्पितळात नेलं. वाटेतही सरोज फडकी भिजवत होती. डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ उन्हात पडून होते?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. सरोजने माझ्याकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी बाबांना माणसं नीट ओळखू यायला लागली. मला बघताच त्यांनी हात हलवला.

"बाला, जवळ ये. आणखी जवळ." मी वाकलो. त्यांनी तोंड उघडून माझ्या नाकावर श्वास सोडला.

"वास घे," ते म्हणाले. "मी नाय प्यालो."