बरोबरची खूण

"हीच का हो ती?"

कुंडलिक गुरुजींचा खडू फळ्यावर टेकता टेकता थांबला. दारात मागच्या गल्लीतल्या शिवबाई उभ्या होत्या, हातात स्टीलचा डबा. मान लांब करून त्या पोर्चमध्ये बसलेल्या पाचवीच्या पोरांत कुणाला तरी शोधत होत्या. या आठवड्यातला हा तिसरा डबा आणि तिसरं 'हीच का ती'.

"हीच," गुरुजी म्हणाले. "आत्ता भागाकार करतीय. तुम्हालाही करायचा असला तर बसा."

"काय तरी तुमचं, गुरुजी! कडक भाकरी अन् शेंगाचटणी आणलीय तिच्यासाठी. बिचारी!"

सगळ्या पोरांनी वळून पायलकडे पाहिलं. पायलनं वहीतून मान वर केली नाही.

वैरागच्या शाळेतून निवृत्त होऊन गुरुजी जुळे सोलापुरात मुलाकडे राहायला आले, त्याला नऊ वर्षं झाली. शिष्यवृत्तीला बसणारी पोरं संध्याकाळी त्यांच्याकडे येत. उभ्या आयुष्यात पोरांनी त्यांना कधी दमवलं नव्हतं. मोठी माणसं मात्र पाच मिनिटांत दमवायची.

पाच आठवड्यांपूर्वी पायलची आई तापानं गेली. तीन दिवसांत खेळ आटोपला. तेव्हापासून सगळी कॉलनी एकच शब्द शिकली होती. गृहपाठ नाही केला? राहू दे. आजीच्या, अंबुबाईंच्या हातातला झाडू घ्यायला गेली, तर त्या म्हणायच्या, "राहू दे, माझ्या लेकरा." परवा तर तिनं क्लासमधल्या ऋतुजाची वेणी ओढली. ऋतुजा रडत घरी गेली, तर तिची आई तिलाच म्हणाली, "राहू दे गं, तिला आई न्हाय." ते ऐकून गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला होता. ओढलेल्या वेणीबद्दलसुद्धा कुणी या पोरीला रागवू नये? माणूस आहे की देव्हाऱ्यातली मूर्ती?

पोरं पांगली. पायलचा बाप अजिनाथ चिंचोळी एमआयडीसीतून ड्यूटी संपवून तिला न्यायला आला आणि गाडी लावून घुटमळत राहिला.

"गुरुजी, एक बोलायचं होतं. परीक्षेचं यंदा राहू दे म्हणतोय मी."

"तुम्हीपण?"

"आई बी तेच म्हणती. पोरीला ताण नको. उद्यापास्नं क्लासला बी न्हाय पाठवत."

"अहो, घरातलं काम काढून घेतलंत, अभ्यास काढून घेतलात, आता हेही काढून घ्या! मग दिवसभर करायचं काय तिनं? भिंतीकडं बघत बसायचं?"

"तसं न्हाय. पण ती रडत न्हाय, बोलत न्हाय. मला भ्या वाटतंय, गुरुजी."

गुरुजींचा आवाज थोडा उतरला. "म्हणून तर सांगतोय. पोरीचं एकही गणित चुकत नाही. एवढी एक जागा तिची शाबूत आहे, ती तरी ठेवा. पायल, वही दाखव पप्पांना."

पायलनं वही दिली आणि बाजूला उभी राहिली.

अजिनाथ फिटर होता. आकड्यांवर बोट ठेवून वाचायची त्याला सवय. पानभर लाल रंगात बरोबरच्या खुणा होत्या आणि खाली गुरुजींच्या वळणदार अक्षरात 'छान!' त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यानं मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं.

"गुरुजी..." तो अवघडला. "अठ्ठेचाळीस भागिले सहा, नऊ?"

"आं?"

"सहा आठी अठ्ठेचाळीस की."

गुरुजींनी चष्मा लावला. खालचं गणितही चूक. त्याच्या खालचंही. सलग चार पानं चूक आणि प्रत्येकावर त्यांच्याच हातची खूण. खुणा करताना आपण गणितं पाहतच नव्हतो, वहीवर वाकलेलं तिचं डोकं पाहत होतो, हे त्यांना आत्ता आठवलं.

"मी मुद्दाम केली," पायल म्हणाली. कुणी न विचारता ती कित्येक दिवसांनी बोलत होती. "आधी एकच चुकवलं. तुमी बरोबर दिलं. मग दोन चुकवली. मग सगळीच. तर तुमी छान लिहिलं."

"पण का गं, बाळा?" अजिनाथनं विचारलं.

"मम्मीला भागाकार येत नव्हता. तरी चुकलेलं तिला कळायचं. माझ्या तोंडाकडं बघून म्हणायची, परत कर."

अजिनाथ पायरीवर खाली बसला. बायको युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला होती. टीप जरा वाकडी आली की सगळी उसवून परत घालायची. त्यावरून तो तिला किती हसला होता.

'राहू दे, पायल, माझंच चुकलं' हे शब्द गुरुजींच्या जिभेवर आले होते. ते त्यांनी गिळले. लाल पेन काढलं आणि एकेका गणितावर फुली मारत गेले. शेवटी 'छान'वरही फुली मारली.

"ही काय गणितं आहेत? चारही पानं परत कर. आत्ता, इथं बसून."

"गुरुजी, आत्ता कशाला..." अजिनाथ बोलायला लागला. गुरुजींनी नुसतं पाहिलं.

पायल फरशीवर बसली. खोडरबर हातात घेतला.

"चारी पानं?"

"चारी."

"लई हायती," ती म्हणाली, आणि तिथंच तिचा बांध फुटला. रागावल्यावर लहान पोरं रडतात तशी ती मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत रडायला लागली. अजिनाथ उठून तिच्याशेजारी बसला आणि पाठीवर हात ठेवला. रडता रडता ती खोडत होती. नऊचा आकडा तिनं इतक्या जोरात खोडला, की पान टर्रकन फाटलं.

तिनं दोघांकडं पाहिलं.

कुणीच राहू दे म्हणालं नाही. गुरुजींनी वहीचं कोरं पान उघडून तिच्यापुढं ठेवलं. अजिनाथनं तिच्या कंपासमधली पेन्सिल घेतली आणि खाली मान घालून तिला टोक काढत बसला.