पळसासाठी राखलेली फिल्म

मित्रांनो, मी एक जुना घडीचा कॅमेरा आहे. आपली गोष्ट सांगताना आधी कौतुक सांगावे अशी आम्हा वस्तूंमध्ये रीत आहे, आणि कौतुकाला माझ्याकडे तोटा नाही. माझा जन्म जर्मनीतला. काळ्या चामड्याचा भाता, पितळेची कळ आणि काच अशी, की समोरच्याच्या मिशीचा केस न् केस वेगळा दिसावा. चिटगुप्प्याच्या अंकुशरावांना त्यांच्या सासऱ्यांनी मला हैदराबादेहून आणून दिले. जावयाने मला पाहिले, आणि त्या दिवसापासून सासऱ्याकडे पाहिले नाही.

अंकुशराव फार कोमल मनाचे गृहस्थ होते. फूल तोडणे त्यांना पाप वाटे. घरात पूजेला जास्वंद तोडली तर त्यांना घास गिळवत नसे, असे ते स्वतःच चारचौघांत सांगत. फुलाचा फोटो काढावा, म्हणजे फूलही राहते आणि आपले नावही होते, हा त्यांचा धर्म होता.

निजामी फसली सन तेराशे सत्तेचाळीसचा, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीसचा फाल्गुन होता. हैदराबादेत फोटोंचे प्रदर्शन भरणार होते. अंकुशरावांनी माळावरच्या रानफुलांचे फोटो पाठवायचे ठरवले. त्यांचे मित्र विरुपाक्ष कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याकडे मोटार होती, आणि मित्राला नाही म्हणायची सवय नव्हती. दोघे सकाळी निघाले. वाटेत पिवळा धोत्रा दिसला, रुई दिसली, भुईरिंगणी दिसली. एवढ्याशा जांभळ्या फुलासाठी अंकुशराव मुरमाड जमिनीवर पालथे पडत, आणि फुलाला ऊन लागू नये म्हणून विरुपाक्ष उन्हात उभे राहून छत्री धरत. "बिचारी," असे अंकुशराव प्रत्येक फुलाला म्हणत. विरुपाक्षांना म्हणत नसत.

माझ्या पोटात आठ फोटोंची फिल्म मावते. दुपारपर्यंत सात झाले. आठवा मंठाळच्या वाटेवरच्या पळसासाठी राखून ठेवला होता. तो पळस म्हणजे अंकुशरावांचे स्वप्न होते.

मंठाळच्या अलीकडे मोटार तापली आणि पाण्यासाठी एका वाडीत थांबावे लागले. विहिरीजवळच्या घरापुढे माणसे जमली होती. घरधनी चन्नबसप्पा पहाटे वारले होते. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना भिंतीला टेकवून बसवले होते. डोक्याला नवा पटका, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तळहातावर लिंग. विरुपाक्षांच्या गळ्यातही लिंग होते, त्यामुळे त्यांना काही सांगावे लागले नाही. त्यांनी चपला काढल्या.

अंकुशरावांच्या गळ्यात मी होतो. मला पाहून चन्नबसप्पांची बायको दानम्मा उठून आली. मोटारीतले पाहुणे काट्याकुट्यांचे फोटो काढत फिरायलेत, हे वाडीत आधीच पोचले होते. जो काट्याचा काढतो तो माणसाचा का काढणार नाही, असे तिला वाटले. तिची चूक एवढीच.

"अण्णा, सांजच्या आत माती द्यावी लागतीय," ती म्हणाली. "लेक अफझलपूरला दिलीय. तिला यायला तीन दिस लागतेत. बापाचं तोंड तेवढं दाखवायचंय तिला."

मग तिने बाकीचेही सांगितले. लेक चंद्रम्मा नऊ वर्षांची असताना तिचे लग्न झाले, पुढे व्याह्यांचे भांडण झाले, आणि अकरा वर्षे लेकीला माहेरी पाठवले नव्हते.

विरुपाक्ष मित्राला बाजूला घेऊन म्हणाले, "काढा की एक."

"एकच राहिलाय. पळस व्हायचाय अजून."

"अहो, माणूस मेलंय."

"मेलेला माणूस मेलेलाच राहतो, विरुपाक्ष. पळस चार दिवसांत झडायलाय."

काचेवर अंगठा ठेवून कळ दाबली तर आवाज होतो आणि फिल्म कोरी राहते. मागे लागलेल्या लोकांना वाटेला लावायची ही फोटोवाल्यांची जुनी युक्ती. अंकुशरावांनी चन्नबसप्पांचा पटका नीट केला, हनुवटी जरा वर केली, दोन पावले मागे आले आणि अंगठा ठेवला. मी टक् केले. मला तेवढेच येते.

दानम्माने हात जोडले. फोटो काढणाऱ्याला नव्हे, मला. मग ती लोकांकडे वळून म्हणाली, आता उचला.

विरुपाक्षांनी चपला घातल्या आणि मोटार काढली. पळस आल्यावर त्यांनी छत्री धरली.

त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. अंकुशरावांना हे ठाऊक नव्हते. फोटो धुतल्यावर पळसाची फुले कोळशासारखी काळी आली.

दरम्यान विरुपाक्षांनी, मनाला बरे वाटावे म्हणून असेल, अंकुशरावांनी मयताचा फोटो फुकट काढून दिल्याचे बाजारभर सांगितले होते. लोक अंकुशरावांना वाकून नमस्कार करू लागले. आता फोटो बिघडला म्हणावे तर हात वाईट ठरतो, काढलाच नाही म्हणावे तर माणूस. अंकुशरावांनी कपाट उघडले. त्यांचा म्हातारा पहारेकरी ग्यानबा पटका बांधून भिंतीशी बसल्या बसल्या झोपला असताना त्यांनी मागे गमतीने त्याचा फोटो काढला होता. पांढऱ्या पेन्सिलीने त्यांनी ग्यानबाच्या कपाळावर तीन पट्टे ओढले. फार सफाईने ओढले.

पाडव्यानंतर मायलेकी फोटो न्यायला चिटगुप्प्याला आल्या. त्या दिवशी ग्यानबाला सकाळीच मळ्यावर पाठवले होते. अंकुशरावांचे काम असे बारीक असे.

चंद्रम्माने फोटो दोन्ही हातांनी घेतला. पुष्कळ वेळ पाहिला. अप्पा किती वाळलेत, ती म्हणाली, आणि फोटो छातीशी धरून ओसरीवरच खाली बसली. तिचे रडणे ऐकून शेजारच्या बायका आल्या. त्याही रडल्या.

दानम्माने फोटो तिच्या खांद्यावरून एकदाच पाहिला. मी खुंटीवर होतो, मला तिचे तोंड स्वच्छ दिसले. ती अंकुशरावांजवळ आली आणि लेकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"ह्यो आमचा न्हाई. पर ती रडायलीय. रडू द्या."

मग तिने लेकीला उठवले आणि लेकीच्या देखत, सगळ्या बायकांच्या देखत, अंकुशरावांच्या पाया पडली.

मित्रांनो, त्यानंतर अंकुशरावांनी मला हातात घेतले नाही. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. त्यांना सतारीचा नाद लागला. आता माझ्या भात्याला भोके पडली आहेत आणि काचेवर बुरशी चढली आहे. जुन्या वस्तूंची निगा राखा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. जरूर राखा. चामडे कोरड्या जागी ठेवा, कळीला थेंबभर तेल द्या, काच मऊ फडक्याने पुसा.

माझी मात्र पुसू नका. पुसली तर मी पुन्हा चालेन.