वाळूला किती हवा

गाओलाथेमामांना कुणी काही शिकवायला जायचं नाही, हे त्यांच्या गोठ्यातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. तीस वर्षं खाणीवर डंपर चालवलेला माणूस, आणि त्यात आज भाच्यासाठी मुलगी मागायला निघालेला मामा. आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत बापाचा शब्द एकवेळ मागे घेता येतो, मामाचा नाही. मग काय विचारता! नाक आभाळाला लागलेलं.

लहानपणापासून मामांकडेच वाढलेला भाचा पुसो घरीच राहिला. मागणीला नवऱ्या मुलानं जायचं नसतं. पिकअपमध्ये पुढे मामा आणि त्यांचे दोघे धाकटे भाऊ, मागच्या हौद्यात शाली गुंडाळून तीन बायका: मामांची बायको मा-थुसो आणि तिच्या दोघी जावा. मुलीकडचा निरोप स्पष्ट होता. सूर्य उगवायच्या आत फाटकाशी येऊन बसा, नाहीतर आल्या पावली परत जा. त्या मुलीला दुसऱ्या घरचीही मागणी होती, आणि पुसो चार वर्षं तिच्यासाठी थांबला होता.

कांग गावचा डांबरी रस्ता संपला, वाळूची वाट लागली, तशी मा-थुसोनं टपावर थापा मारून गाडी थांबवली.

"अहो, हवा काढा थोडी. मीटरचा काटा तीन बारवर आहे, टायर नुसते दगड झालेत. वाळूत नाही चालायची गाडी."

तिचा बाप याच वाळूतून पाण्याचा टँकर नेण्यात म्हातारा झाला होता. तिला नाही कळणार तर कुणाला?

"तू तुझी शाल सांभाळ," मामा म्हणाले. "एवढी माणसं बसलीत, टायर कडकच पाहिजे. मला शिकवतेय!"

दोघे भाऊ वाळूत गाडी चालवूनच मोठे झालेले. दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं. थोरल्यापुढे बोलायची प्राज्ञा कुणाची?

अर्ध्या तासात गाडी रुतली. मामांनी पाय दाबला, चाकं गरागरा फिरली आणि पिकअप पोटावर बसली. उकरून झालं, ढकलून झालं, शिव्या देऊन झाल्या. पूर्वेला उजाडायला लागलं. "फांद्या घालू चाकांखाली," म्हणून मामा भावांना घेऊन झुडपांकडे गेले.

ओझं घेऊन परत आले तर चारही टायर खाली पसरलेले, आणि मा-थुसो हवेचा मीटर खणात ठेवत होती. तिच्या गुडघ्यांना वाळू लागलेली, हातात वॉल्व्ह दाबायची काडी. मामांनी पाहिलं. भावांनीही पाहिलं. फांद्या घातल्या, गाडी सुरू केली, आणि ती अशी अलगद निघाली की जणू कधी अडकलीच नव्हती.

"फांद्या बरोबर बसल्या," मामा म्हणाले.

हौद्यातून उत्तर आलं नाही. मामांना ते बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची तेव्हाच थोडी लाजही वाटली. पण पुढे मुलीचं घर होतं. लाज नंतर बघू!

पोचले तेव्हा सूर्य हातभर वर आला होता. सगळ्यांना फाटकाबाहेर जमिनीवर बसवलं. बराच वेळ कुणी फिरकलं नाही. मग मुलीचे मामा, म्हातारे मोकोसी, काठी टेकत आले. ते पाहुण्यांकडे आलेच नाहीत, थेट गाडीकडे गेले आणि काठीनं टायर दाबून पाहिला.

"उशीर केलात. मी तर हाकलूनच देणार होतो. पण टायर बघितले. कडक टायर घेऊन वाळूत घुसणाऱ्याच्या घरी आम्ही पोर देत नाही, अडला तरी ऐकणार नाही असला माणूस. हवा कुणी काढली?"

"मी," मामा म्हणाले.

इतक्या पटकन तोंडातून गेलं की त्यांचं त्यांनाच दचकायला झालं. मा-थुसो जमिनीकडे बघत होती.

फाटक उघडलं. पुरुषांना खुर्च्या मिळाल्या, बायकांना चटया. मांस आलं, चहा आला. मुलीकडच्यांना आठ गाई द्यायच्या, इथवर बोलणी आली, आणि मोकोसी तर खूशच झाले.

"आमच्या पोरांनाही कळू द्या, पाव्हणं. कितीवर आणलीत हवा?"

मामांचा घास तोंडातच राहिला. उभ्या आयुष्यात त्यांनी तीनच्या खाली हवा उतरवली नव्हती.

"अर्ध्यावर," ते म्हणाले.

"अर्ध्यावर?" मोकोसींनी कप खाली ठेवला. "एवढ्या ओझ्याला? पहिल्याच वळणाला टायर रिंग सोडून बाहेर येईल." त्यांनी बायकांकडे मान वळवली. मा-थुसोच्या गुडघ्यांना अजून वाळू लागलेली होती. "बाई, तुम्ही सांगा."

मा-थुसोनं मान वर केली नाही. "दीड. यांनीच सांगितलं दीडवर आण म्हणून, मी नुसता मीटर धरला. घाईत विसरले असतील."

"हां, मग बरोबर!" पुरुष हसले. कुणीतरी मामांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. पुसोचं लग्न झाल्यात जमा होतं. मामांनी फक्त मान हलवायची होती.

पण मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. ही बाई वाळूत गुडघे टेकून चार चाकांभोवती फिरली, मी श्रेय फांद्यांना दिलं, मग स्वतःला घेतलं, आणि ही अजून मलाच सांभाळतेय.

"नाही," मामा उभे राहत म्हणाले. "मी काही सांगितलं नव्हतं. ती आधीपासून सांगत होती, मीच ऐकलं नाही. मी फांद्या तोडायला गेलो तेव्हा तिनं एकटीनं हवा काढली. मी खोटं बोललो, आणि आता माझ्यासाठी ती खोटं बोलली."

मोकोसींनी काठी जमिनीवर टेकवली. "गाई आठच," ते म्हणाले. "खोट्याबद्दल एक शेळी वर. पोर तुमची."

मामांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात चटईवरून मुलीच्या आजीचा आवाज आला.

"म्हणजे ही पण खोटारडीच. आणि हिच्या हाताखाली आमची पोर नांदायची."

मा-थुसोनं शाल डोक्यावरून पुढे ओढली. मग जेवण होईपर्यंत तिच्याशी कुणी बोललं नाही. घरच्या बायका एकेक करत दुसऱ्या चटईवर जाऊन बसल्या.

निघताना ऊन रणरणत होतं. या वेळी मामांनी आपणहून मीटर काढला आणि टायरला लावला. उन्हात उभ्या गाडीची हवा तापली होती. काटा दीडवरून पावणेदोनच्या पुढे गेला होता, आणि वाटेतली वाळू आता सकाळपेक्षा भुसभुशीत झालेली. सकाळचा दीड आता पुरेल की नाही, मामांना ठाऊक नव्हतं. ते हौद्यापाशी आले. भावांच्या, भावजयांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं.

"मा-थुसो, हवा चढलीय. कितीवर आणू?"

ती समोर बघत राहिली.

"तुमची लाज मी झाकली होती. तुम्ही स्वतःला धुऊन घेतलंत आणि घाण पाणी माझ्या अंगावर ओतलंत. मला विचारलंत का, की मी खरं सांगू का म्हणून?"

"मला वाटलं..."

"मी दीड म्हणाले तर दीड मानाल का?" ती म्हणाली. "मी खोटारडी बाई. माझ्या आकड्याचा काय भरवसा?"

मामांनी मीटर खिशात टाकला. मग खाली बसले, काडी वॉल्व्हवर धरली आणि अंदाजानं हवा सोडू लागले.