ब्रशवाल्या वहिनींच्या कानामागून

मित्रांनो, मी एक जुनं कानाचं मशीन आहे. आकाराने काजूएवढा, रंगाने फिक्या चहासारखा. कानामागे बसतो, आजूबाजूचे आवाज आत घेतो, मोठे करतो आणि एका बारीक नळीतून कानात सोडतो. काम एवढंच. पण या कामामुळे मी ज्या बाईंच्या कानामागे नऊ वर्षं बसलो, त्यांची गोष्ट तुम्हाला सांगावी असं फार दिवस मनात होतं.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथले कारागीर डोक्याला टोप्या घालून, भिंगातून बघत काम करायचे. केसापेक्षा बारीक तार एका बाईने माझ्या पोटात अशी अलगद जोडली, की मला कळलंसुद्धा नाही. नंतर एका दुकानाच्या काचेच्या कपाटात मी वर्षभर बसून होतो. लोक यायचे, मला हातात घ्यायचे आणि म्हणायचे, “एवढ्यात नको. अजून तितकं काही कमी ऐकू येत नाही.” हे ते ओरडून म्हणायचे.

मग एके दिवशी वहिनी आल्या. त्यांचा आणि त्यांच्या यजमानांचा ब्रशांचा छोटा कारखाना होता. बाटल्या धुण्याचे, यंत्रं पुसण्याचे, जाळ्या झाडण्याचे ब्रश तिथे व्हायचे. लाकडात भोक पाडून त्यात केसांचे झुपके ठोकणाऱ्या मशीनवर वहिनी बावीस वर्षं बसल्या होत्या. त्या ठकठकाटाने त्यांचे कान खाल्ले. दुकानातल्या बाईंनी मला त्यांच्या कानामागे बसवलं, तेव्हा वहिनींनी पहिल्यांदा ऐकला तो स्वतःच्या पर्सच्या चेनचा आवाज. “अगबाई, ही एवढं ओरडते?” त्या म्हणाल्या आणि चेन चार वेळा उघडली-मिटली.

त्यांना माझी गरज पडली ती वेगळ्याच कारणाने. बाहेरचे सगळे व्यवहार त्यांचे यजमान बघायचे. कामगार त्यांना दादा म्हणत. गडी असा बोलका, की तोंडाला कुलूप म्हणून नाही. पण घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि दादांचा आवाज कायमचा गेला. त्याच वर्षी बाटल्यांच्या ज्या कारखान्याला निम्मे ब्रश जायचे, त्यांनी पाण्याच्या फवाऱ्याची नवी यंत्रं आणली. ब्रश बंद. सात कामगार, अर्धंच काम, आणि नवं गिऱ्हाईक आणायचं कोणी? एकाला बोलता येत नव्हतं, दुसरीला ऐकू येत नव्हतं.

अशात छोट्या कारखानदारांच्या मेळाव्याचं आमंत्रण आलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळी दहाला. त्यावर ‘नेटवर्किंग’ असं छापलेलं होतं. वहिनींनी ते दादांपुढे धरलं. दादांनी जवळच्या पाटीवर लिहिलं, “ओळखी करणे. जा.”

मित्रांनो, त्या पहिल्या मेळाव्यात मी साफ नापास झालो. उंच छताचा हॉल, दोनशे माणसं, चहाच्या टेबलावर कपबशांचा खणखणाट. मला हवं काय आणि नको काय यातला फरक कळायचा नाही. मी सगळंच मोठं करून वहिनींच्या कानात ओतत राहिलो. बिचाऱ्या दोन तास नुसत्या हसत आणि मान डोलवत उभ्या होत्या. पुठ्ठ्याची खोकी बनवणारे एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, “काय वहिनी, कारखाना बंद केलात म्हणे?”

वाक्य मी घेतलं होतं, पण बशांसकट. वहिनींना त्यातलं फक्त ‘वहिनी’ आणि ‘कारखाना’ कळलं. त्या प्रसन्न हसल्या आणि म्हणाल्या, “हो हो! तुमच्या सगळ्यांच्या शुभेच्छा.”

चार दिवसांनी ब्रशांना लागणाऱ्या तारेचा पुरवठा करणारे दारात उभे. “वहिनी, कारखाना बंद करायचा होता तर निदान मला तरी आधी सांगायचं!” कामगारांनी हातातलं काम थांबवलं. त्यातल्या एकाने तर दुसरीकडे नोकरी बघायलाही सुरुवात केली होती. वहिनींनी सगळ्यांची समजूत काढली, घरात आल्या, मला कानावरून उपटलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. सुया, बटणं आणि मेणबत्त्यांच्या तुकड्यांमध्ये मी सतरा दिवस पडून होतो. बॅटरी पोटातच राहिली होती. ती गळायला लागली आणि आतून जळजळायला लागलं.

मला बाहेर काढलं दादांनी. कापसाने पुसलं, नवी बॅटरी घातली, आणि वहिनींच्या पुढ्यात ठेवून पाटीवर लिहिलं, “ऐकू येत नाही हे लपवायला तू केवढी राबतेस. तेवढ्या कष्टात शंभर ब्रश झाले असते.”

“सांगितलं तर लोक हसतील,” वहिनी म्हणाल्या.

दादांनी लिहिलं, “हसू देत. तुला ऐकू येणार नाही.”

वहिनींना हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

पुढच्या मेळाव्याला त्या अर्धा तास आधी पोहोचल्या. हॉलमध्ये खुर्च्या मांडणं चालू होतं. वहिनींनी चहाच्या टेबलापासून लांबचा कोपरा हेरला. तिथे भिंतीला जाड पडदे होते. आवाज त्यांत मुरायचा, आणि मला हायसं वाटायचं. मग त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. खोकीवाले गृहस्थ आत येताच त्यांनी त्यांना गाठलं.

“मागच्या वेळी मी ‘हो’ म्हटलं ते न ऐकताच. मला कमी ऐकू येतं. कारखाना चालू आहे.”

गृहस्थांनी कपाळाला हात लावला. “अरे देवा! मी तर चार जणांना सांगून बसलो.”

“मग आता त्या चौघांकडे मला घेऊन चला.”

मित्रांनो, दुसरं कोणी असतं तर भांडण काढलं असतं. वहिनींनी त्या अफवेची शिडी केली. खोकीवाले अपराधी चेहऱ्याने त्यांना एकेकाकडे नेत होते आणि वहिनी हात जोडून सांगत होत्या, “नमस्कार. जिचा कारखाना बंद पडलाय म्हणे, ती मीच.” समोरचा खळखळून हसायचा. मग त्या म्हणायच्या, “जरा या कोपऱ्यात येता का? आणि माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोला.”

आणि माणसं बोलायची. हॉलभर लोक पत्ते वाटावेत तशी कार्डं वाटत फिरत होते, निम्म्यांचं लक्ष समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे. वहिनी मात्र ओठांकडे टक लावून बघायच्या, कारण त्यांना बघावंच लागायचं. ऐकलेलं परत म्हणून दाखवायच्या. “म्हणजे पीठ यंत्राच्या सरकत्या पट्ट्याला चिकटतं आणि रोज दोन तास मशीन थांबतं, असंच ना?” नीट समजलं की कार्डामागे एक ओळ लिहायच्या. एवढं लक्ष देऊन आपलं गाऱ्हाणं कोणी ऐकतंय याची सवयच नसते हो माणसांना. विचारलं त्याहून जास्त सांगायची.

ही पट्ट्याची अडचण बिस्किटांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंची होती. वहिनी त्यांना म्हणाल्या, “ब्रशने हे जाणार नाही. खरवडायची पट्टी लागेल. ती मी करत नाही, पण मगाशी एक रबरवाले भेटले, ते करतात.” आणि हाताला धरून त्यांच्यापाशी घेऊन गेल्या. मी मनात म्हटलं, या कसला धंदा करणार? त्या दिवशी वहिनींनी स्वतःचा एकही ब्रश विकला नाही. पण मंगळवारी, ज्यांना ज्यांना काही पाठवते म्हणून सांगितलं होतं, त्यांच्याकडे त्या स्वतः नमुने घेऊन गेल्या. फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून पायपीट. त्याचाही फायदाच झाला. कारखान्यात शिरलं की कुठल्या यंत्राला कुठला ब्रश लागेल ते त्यांच्या नजरेला आपोआप दिसायचं.

पाच-सहा महिन्यांत तो कोपरा ‘वहिनींचा कोपरा’ झाला. लोक एकमेकांना तिकडे पाठवू लागले. छोट्या ऑर्डरी येत होत्या. सात जणांना पुरेल एवढं काम मात्र अजून नव्हतं.

मग एका शनिवारी त्या बिस्किटवाल्या बाई एका पाहुण्याला घेऊन आल्या. धान्य चाळायच्या मोठ्या यंत्रांचे ते कारखानदार होते. चाळणीच्या जाळ्या सतत झाडत राहणारे ब्रश त्यांना हवे होते. ते बोलत होते, वहिनी ऐकत होत्या, आणि ऐन मोक्याच्या क्षणी माझी बॅटरी संपली. दोन बारीक शिट्ट्या वाजवल्या आणि मी मेलो.

पुढचं मला कळलं ते संध्याकाळी, वहिनींनी दादांना सांगितलं तेव्हा. पाहुण्यांचे ओठ हलत होते, चेहरा प्रश्नार्थक होता. हसून ‘हो’ म्हणणं अगदी सोपं होतं. वहिनींनी हात वर केला. “थांबा. माझं मशीन बंद पडलं.” सगळ्यांच्या देखत त्यांनी मला काढलं आणि पर्समधून बॅटरी शोधली. ती घरंगळून खाली पडली. पाहुणे स्वतः वाकले आणि त्यांनी ती उचलून दिली.

मी जागा झालो तेव्हा वहिनी म्हणत होत्या, “आता पुन्हा सांगा.”

“पंधरा दिवसांत दोन हजार ब्रश. जमेल?”

माझ्या शेजारची शीर ताडताड उडत होती. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

“नाही जमणार. पंधरा दिवसांत पाचशे. बाकीचे पुढच्या दीड महिन्यात. घाई केली तर केस गळतील आणि ते तुमच्या धान्यात जातील.”

पाहुण्यांनी खिशातून कागद काढला. “सकाळपासून चार जणांनी मला ‘जमेल’ म्हणून सांगितलंय,” ते म्हणाले. “कसं जमवणार, ते एकालाही सांगता आलं नाही. तुमचे पाचशे कधी सुरू करता?”

दोन हजारांतला शेवटचा ब्रश ठरल्या दिवशी गेला. त्यातला एकही परत आला नाही. सात कामगार टिकले, नंतर दोन वाढले, आणि दादांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत आकडा लिहिला: नऊ.

आता मी म्हातारा झालोय. वहिनींकडे नवं मशीन आलंय. गर्दीतला नेमका आवाज निवडणारं, हुशार. मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण वहिनींनी मला खणात टाकलं नाही. दुरुस्त करून, कानात बसणारा नवा साचा लावून, त्यांनी मला कारखान्यात दांडे घासणाऱ्या काकांच्या कानामागे बसवलं. काका वर्षानुवर्षं चुकीच्या जागी हसायचे, म्हणून घरात त्यांच्याशी कोणी फारसं बोलत नसे. पहिल्याच दिवशी ते घरी गेले आणि जेवताना नातीला म्हणाले, “तू शाळेत काय केलंस ते सांग. सगळं सांग.” भात गार होईपर्यंत ती बोलत होती.

मित्रांनो, माझ्यासारखं मशीन तुमच्या घरात कोणाकडे असेल, तर रात्री त्याचं बॅटरीचं झाकण उघडून ठेवा, त्याला पाणी लागू देऊ नका, कोरड्या कापडाने पुसा. आम्ही फार काही मागत नाही. पण तुमच्याकडे माझं खरं मागणं वेगळंच आहे. कोणी तुम्हाला दुसऱ्यांदा “काय?” असं विचारलं, तर “जाऊ दे, काही नाही,” असं म्हणू नका. त्यांच्यासमोर या, त्यांच्याकडे बघा, आणि पुन्हा सांगा.