गुणाजीची भाषा

दुष्काळात देशावरून उपाशी माणसं ठाण्याला उतरली, तेव्हा त्यांना खाडीकाठच्या पडीक जागेत झोपड्या घालू द्याव्यात असा अर्ज त्रिंबकराव वकिलांच्या मंडळीनंच केला होता. मंडळी म्हणजे शहरातले शिकलेसवरलेले, वजनदार लोक. त्यांत बाळकुमच्या वाटेवर शेती असलेला फिलिपही होता. किरिस्तांव घरं त्याचं ऐकत, म्हणून मंडळीला तो हवा होता. आणि त्या अर्जामुळे फिलिपला मंडळीचा अभिमान होता.

पुढे शहरात निवडणुका सुरू झाल्या. मत फक्त घरपट्टी भरणाऱ्यांना. मंडळीचे लोक बिनबोभाट निवडून यायचे. मग बंदरावरचा लाकूडव्यापारी गुणाजी उभा राहिला. बाजाराच्या दिवशी तो बैलगाडीवर चढायचा आणि ओरडायचा, "पटकीची साथ कुणी आणली? घाट्यांनी! तळं कुणी नासवलं? घाट्यांनी! आणि त्यांना आपल्या उरावर बसवलं कुणी? ह्या पगडीवाल्यांनी!"

त्रिंबकराव हसले. "उथळ पाण्याला खळखळाट फार," म्हणाले.

गुणाजी निवडून आला. पुढच्या खेपेला त्याची आणखी माणसं उभी राहणार असं कळलं, तेव्हा त्रिंबकरावांनी मंडळी घरी बोलावली.

"झोपड्या उठवायच्या," ते शांतपणे म्हणाले. "गुणाजी जाळा म्हणतो. आपण कायद्यानं उठवू. सभ्यपणानं."

फिलिपला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "रावसाहेब, त्यांना तुम्हीच तर बसवलंत! पटकी तर ते यायच्या आधीपासून आहे."

"मला ठाऊक नाही का? पण लोकांना तसं वाटतं. आपण नाही उठवल्या तर तो उठवील, आणि वर शहरही त्याच्या हाती जाईल. एकदा निवडणुकीत आपल्या जागा राखल्या की त्या माणसांचं बघू कुठेतरी."

"कुठे?"

त्रिंबकरावांनी पानाचा डबा पुढे ओढला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. काल गुणाजीला गावगुंड म्हणणारे आज "त्याच्या बोलण्यात तथ्य आहेच" असं म्हणत होते.

झोपड्या भर उन्हाळ्यात पाडल्या. त्रिंबकराव स्वतः उभे होते, धूळ लागू नये म्हणून उपरणं नाकाशी धरून. शेजारी गुणाजीची माणसं शिट्ट्या मारत होती. हौसाबाई चुलीवरचं मडकं तसंच गरम उचलून बाहेर आली. दर पावसाळ्यात भाताच्या आवणीला ती फिलिपच्या शेतात राबायची. तिची म्हातारी सासू आत अडकली होती, तिला फिलिपनं हात धरून काढलं.

"मालक, आमचं चुकलं काय?" हौसाबाईनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. याहून जास्त बोलायची त्याला लाज वाटली. त्यानं दोघींना आपल्या वाडीत आणलं. बाकीची माणसं बोचकी घेऊन कल्याणच्या रस्त्याला लागली. ती कुठे गेली, मंडळीत कुणी विचारलं नाही.

निवडणूक झाली. गुणाजीची माणसं जिंकली. "घाटी हाकलले ते गुणाजीच्या धाकानं," बाजारात लोक म्हणत, "वकिलांना आत्ता जाग आली होय!" त्रिंबकरावांची स्वतःची जागा जेमतेम वाचली. दुसऱ्याच दिवशी ते हार घेऊन गुणाजीच्या वखारीत गेले. गुणाजीनं तो गळ्यात घातला नाही. शेजारच्या ओंडक्यावर टाकला. त्रिंबकराव तरीही हसत राहिले. फिलिप रस्त्यावरून बघत होता. गुणाजीचा त्याला रागच होता, पण किळस आली ती त्या हसण्याची.

महिना गेला नाही तोच गुणाजी पुन्हा गाडीवर चढला. आता तळं किरिस्तांवांनी बाटवलं होतं.

त्रिंबकराव फिलिपच्या घरी आले. फिलिपच्या बायकोनं, फेलिशियानं, ओटीवर खुर्ची ठेवली.

"थोडे दिवस तुमच्या बायकांना तळ्यावर पाठवू नका," ते म्हणाले. "वातावरण निवेपर्यंत. तुम्ही समजूतदार आहात. तुमच्यासाठी वेगळी विहीर मी मंजूर करून घेईन."

"वेगळी," फेलिशिया दारातून म्हणाली. "म्हणजे गुणाजी म्हणतो तेच."

"बाई, मी तुमच्याच बाजूचा आहे."

फिलिप उठला. "रावसाहेब, गुणाजी माझा वैरी आहे हे मला कळतं. तो आला तर दार लावून घेईन. तुम्ही आलात, तर आम्ही खुर्ची ठेवली. ती चूक झाली."

त्रिंबकराव पगडी नीट करत ओटीवरून उतरले. मंडळीतून फिलिपनं त्याच दिवशी आपलं नाव काढून घेतलं.

दुसऱ्या सकाळी फेलिशियानं कळशी घेतली. हौसाबाईनंही घेतली. दोघी तळ्याला निघाल्या, आणि फिलिप त्यांच्या मागोमाग चालू लागला. काठावर गुणाजीची माणसं बसली होती. एकानं शिवी हासडली, दुसरा पायरीवर आडवा उभा राहिला. फेलिशिया त्याला वळसा घालून पाण्यात उतरली, आणि तिनं कळशी बुडवली.